समास कापलेली पुस्तकं

आमच्या वस्तीजवळच्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला फसवलं. मुलांची जुनी पुस्तकं जशीच्या तशी ठेवू असा शब्द देऊन ती माझ्याकडून नेली आणि चार महिन्यांत कापून टाकली. यात पैशाचा प्रश्न नाही. पैसे मी मागितले नव्हते, त्यांनी दिले नव्हते. राग उतरत नाही तो म्हणूनच. पैशाचं असतं तर मी त्याच दिवशी वसूल करून मोकळी झाले असते.

कोणतं वाचनालय ते सांगत नाही. शहरातलं जुनं, मोठं, सगळ्यांना माहीत असलेलं ते नव्हे. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला मळे मोडून बंगले उठले, तिथल्या निवृत्त मंडळींनी दोन खोल्यांत काढलेलं हे वाचनालय आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

माझा धंदा रद्दीचा. नवऱ्याची सातपूरची कंपनी बंद पडली तेव्हा मी हातगाडी घेतली. आधी गाडी, मग भाड्याची टपरी, मग भद्रकालीच्या मागे स्वतःचा गाळा. हे मी कोणाच्या ओळखीवर केलं नाही, जिभेवर केलं. गठ्ठा उचलला की वजन हाताला कळतं, आणि समोरचा माणूस किती घाईत आहे ते तो दारात कसा उभा राहतो त्यावरून कळतं. माझा आवाज चढतो हे मला ठाऊक आहे. एका वकिलीणबाईंनी वजन वाढावं म्हणून पेपरच्या गठ्ठ्याच्या पोटात ओले पेपर घातले होते. मी तो गठ्ठा सोडून त्यांच्याच अंगणात एकेक पान वाळत घातलं. आजही त्या गल्लीत मला रद्दी सुकी मिळते.

रद्दीत पुस्तक आलं की आधी पुठ्ठा फाडतात. पुठ्ठ्याचा भाव वेगळा, आतल्या कागदाचा वेगळा. पहिली दोन वर्षं मीही फाडले. किती पुस्तकांचे फाडले ते मला माहीत नाही, त्यात मुलांची किती होती हेही माहीत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला ऐकवायला नको.

थांबले ती एका दुपारी. पंचवटीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांच्या घरून पोतं आलं होतं. त्यात एक पातळ पुस्तक होतं, मोठ्या ठसठशीत अक्षरांचं, चित्र एकही नाही. पुठ्ठा धरून ओढणार तेवढ्यात उघड्या पानावर, समासात, पेन्सिलीचं अक्षर दिसलं. गोष्ट अशी होती. एक मुलगी आईचं न ऐकता एकटीच विहिरीवर जाते, पाय घसरून पडते. मुलींनी घराबाहेर एकटं जाऊ नये, असं शेवटी लेखकाने बजावलं होतं. त्या ओळीसमोर कोणा मुलीने लिहिलं होतं, "हे खोटं आहे." अक्षर गोल, आणि पेन्सिल इतकी दाबलेली की पानाच्या मागच्या बाजूला हात फिरवला तरी लागत होती.

मी सटाण्याकडची. सात वर्षांची असल्यापासून विहिरीवर एकटी जात होते, कारण घरात जायला दुसरं कोणी नव्हतं. पडले नाही. पुस्तक बरंच जुनं होतं, माझ्या जन्माच्या आधीचं. म्हणजे मी त्या विहिरीवर जायला लागण्यापूर्वीच कुठल्यातरी घरात बसून एका मुलीने माझ्या वतीने उत्तर देऊन ठेवलं होतं, आणि ते मी कागदाच्या भावात घालायला निघाले होते. त्या दिवसापासून माझ्या गाळ्यात मुलांच्या पुस्तकाचा पुठ्ठा फाटला नाही.

मग मी ती बाजूला ठेवू लागले. गाळ्याच्या मागच्या भिंतीला लोखंडी मांडणी केली. सासू माझ्याकडे असायची. मी पुस्तकांवरची धूळ झटकत बसले की ती उंबऱ्यातून अहिराणीत विचारायची, "त्यामा काय शे येवढं?" मी सांगायचे, मुलांची पुस्तकं आहेत. त्यावर ती म्हणायची की तुझी मुलं तर कधीच मोठी झाली. तिला नीट समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत. ते काय आहे ते मलाही हळूहळूच कळत गेलं.

पुस्तक कोणी लिहिलं हे पहिल्या पानावर छापलेलं असतं. कोणी वाचलं हे मळावरून शोधावं लागतं. मळ पाहायची मला धंद्याने सवय लावली होती. मी पुस्तकं काळाप्रमाणे लावली, सगळ्यात जुनी डावीकडे, आणि प्रत्येकात एक चिठ्ठी घातली. कुठल्या वस्तीतून आलं, घर कसलं होतं, कोणती पानं मळलेली, कोणी काय लिहिलंय, काय खोडलंय.

सगळ्यात डावीकडे बोधाची पुस्तकं होती. इंग्रजीवरून, संस्कृतवरून आणलेल्या गोष्टी, सुरुवातीला "मुलांनो" आणि शेवटी तात्पर्य. यातल्या बहुतेकांत बक्षिसाचं लेबल. इयत्ता, क्रमांक, हेडमास्तरांची सही. आणि आतली पानं करकरीत. काहींची पानं तर कडेला जोडलेलीच होती, ती सुरीने कापून उघडायचे कष्टही कोणी घेतले नव्हते. बक्षीस मिळालं, आईवडिलांनी कपाटात ठेवलं, संपलं. विहिरीची गोष्ट वाचून चिडलेली ती मुलगी त्या सगळ्या रांगेत एकटीच.

त्यानंतर राजाराणीच्या आणि राक्षसांच्या गोष्टी. इथे मळ सुरू होतो. तेलाचे डाग, हळदीची बोटं. राक्षस मरतो ते पान नेमकं सुटं झालेलं. एका पुस्तकात "राजपुत्र" हा शब्द जिथे आला तिथे खोडून वर "मी" लिहिलं होतं. वीसेक पानं. मग त्या राजपुत्राला कंटाळा आला असावा.

मग मासिकं. देश नुकता स्वतंत्र झालेला, त्यामुळे शूर मुलांच्या गोष्टी, थोरांची चरित्रं, आणि शेवटी कोडी. चरित्रं शाबूत आणि कोडी कात्रीने कापून नेलेली. कोड्याच्या पाठीमागे एखाद्या थोर माणसाचं चित्र असेल तर त्याचं अर्धं तोंड बेधडक गेलेलं. पुढे रहस्यकथा आल्या, हलक्या कागदाच्या, यात्रेत आणि एसटी स्टँडवर विकलेल्या. त्यांतली एकही मला धड मिळाली नाही. तीन फाटक्या प्रती जोडायच्या तेव्हा एक गोष्ट पुरी व्हायची. कुठल्या शाळेने त्या बक्षीस दिल्याचं मला दिसलं नाही, पण नाशिकच्या घराघरांतून सगळ्यात जास्त झिजून माझ्याकडे आल्या त्या याच. रशियातून आलेली गुळगुळीत कागदाची भाषांतरंही होती. त्यातल्या एका पानावर पांढरं बर्फ होतं आणि कोणीतरी त्या बर्फाला बोट लावून लावून कागदाला भोक पाडलं होतं.

पुढे विज्ञानाची पुस्तकं, प्राण्यांच्या कविता, मुलांचे दिवाळी अंक. आणि मग कधीतरी पुस्तकातली मुलं आमच्यासारखी बोलू लागली. पेठकडच्या आदिवासी पाड्यावरची, शेतातली, चाळीतली. तसलं एक पुस्तक एका बौद्ध वस्तीतल्या शिक्षकांच्या घरून आलं होतं. त्याच्या मुखपृष्ठावर झाडाखाली गोल करून बसलेली मुलं होती. गोलात एका ठिकाणी जागा मोकळी होती. तिथे निळ्या पेनाने दोन वेण्यांची एक मुलगी काढून बसवली होती. बाकीच्या मुलांच्या पायात चपला होत्या, म्हणून तिलाही चपला काढल्या होत्या, अगदी पट्ट्यांसकट. शिक्षकांना मी ते दाखवलं. "माझ्या बहिणीने काढलं असणार," एवढंच म्हणाले. बहीण हयात नव्हती. पुस्तक परत हवं का, असं मी विचारलं. "नको. तुमच्याकडे बाकीच्यांबरोबर राहू दे," म्हणाले.

सगळ्यात उजवीकडे अलीकडची पुस्तकं. मोठी चित्रं, थोडे शब्द, तात्पर्य नाही. त्या विहिरीवाल्या मुलीला आवडली असती अशी. ती माझ्याकडे येतात ती वाढदिवसाच्या रंगीत कागदासकट, चिकटपट्टीही न सोडलेली. मुलं इंग्रजी शाळेत जातात, मावशीने हौसेने मराठी पुस्तक दिलेलं असतं. माझ्या मांडणीत डाव्या टोकाला मळ नव्हता आणि उजव्या टोकालाही नव्हता. मळ होता तो मधे. हे मी कोणाला दाखवलं नव्हतं, पण मांडणीसमोर उभं राहिलं की मला ते दिसायचं.

कार्यवाह गाळ्यात आले ते मासिकांचे जुने अंक शोधत. निवृत्त प्राध्यापक, मराठीचे, बोलायला गोड. मांडणीपुढे बराच वेळ उभे राहिले. चिठ्ठ्या वाचल्या.

"ताई, हा तर बालसाहित्याचा इतिहास आहे," ते म्हणाले.

असं कोणी म्हटलं नव्हतं. मी विरघळले, हे कबूल करते. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मुलांचा विभाग उघडायचा होता आणि बालसाहित्याच्या वाटचालीवर एक पुस्तिका काढायची होती. त्यांना सगळी मांडणी हवी होती.

"किती द्यायचे बोला."

"पैसे नकोत. अटी आहेत."

"म्हणजे पैशापेक्षा महाग पडणार."

"पडणारच."

मी सांगितलं की मुलांनी पुस्तकं हातात घ्यायची. क्रम मोडायचा नाही. चिठ्ठ्या काढायच्या नाहीत. बांधणी करायची नाही, काही पुसायचं नाही.

"हातात?" ते म्हणाले. "अहो ताई, पानं पापडासारखी झालीत. काचेच्या कपाटात ठेवू, मुलं बाहेरून बघतील."

"बाहेरून बघायला ती काय मिठाई आहे, सर?"

"बरं, महिन्यातून एक रविवार."

"दर रविवार."

"दोन रविवार. शेवटचं. आणि देखरेखीला आमच्या एक बाई."

"दर रविवार, आणि देखरेखीला मी."

"तुमच्या यजमानांचं कसं होतं हो?" त्यांनी विचारलं.

"त्यांना मी एकदाच बोलते, सर. तुमच्याशी तासभर झाला."

ते हसले. दोनदा चहा झाला. शेवटी वाचनालयाच्या छापील कागदावर त्यांनी लिहून दिलं की दर रविवारी पुस्तकं मुलांच्या हाती देण्यात येतील, देखरेख माझी. खाली सही, शिक्का. मी जिंकल्याच्या आनंदात होते. क्रम, चिठ्ठ्या आणि बांधणीचंही लिहा म्हणाले, तर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"ते काय लिहायचं? मी शब्द देतो. जशीच्या तशी राहतील."

आमच्या धंद्यात काट्यासमोर बोललेला शब्द फिरत नाही. कागद कोणी करतच नाही. काटा हलत असताना जो भाव ठरला तो ठरला, त्यावरून गाड्या भरून जातात. तीस वर्षं मी तसंच वागले, लोकही माझ्याशी तसेच वागले. मी तोच नियम एका शिकलेल्या माणसाला लावला. रविवारसाठी तासभर भांडले आणि पुस्तकं शब्दावर सोडून दिली.

पुढचे चार महिने नवऱ्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये गेले. मी तिकडे फिरकले नाही. वर्धापनदिनाचं आमंत्रण आलं तेव्हा चांगलं लुगडं नेसून गेले.

सतरंजीवर मुलं बसवली होती. पाहुण्यांनी फीत कापली, कपाट उघडलं. आत हिरव्या रेक्झिनचे जाड ग्रंथ ओळीने उभे, वर सोनेरी आकडे. मला वाटलं हे दुसरं काहीतरी आहे, आपली पुस्तकं आतल्या खोलीत असतील. मग एक हातात घेतला. चार-पाच पातळ पुस्तकं एकत्र शिवली होती, आकार जुळेल तशी. बोधकथेला चिकटून रहस्यकथा, तिच्या मागे प्राण्यांच्या कविता. तिन्ही कडा यंत्राने कापलेल्या, सरळ, पांढऱ्याशुभ्र. मुखपृष्ठं नाहीत. चिठ्ठ्या नाहीत. पेन्सिलीचं जिथे जिथे होतं तिथे रबराने पुसून कागद खरखरीत झालेला.

विहिरीची गोष्ट मला तिसऱ्या ग्रंथात सापडली. तिथे पेन्सिल इतकी दाबलेली होती की रबराने ती गेली नव्हती. पण डाव्या पानाचा समास कापला होता. "टं आहे" एवढंच उरलं होतं.

पाहुण्यांची भाषणं चालू होती. मी खुर्चीवर बसून नवी पुस्तिका उघडली. कार्यवाहांनीच लिहिलेली. कोणत्या काळात कोणी काय लिहिलं ते सगळं नीट होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका पानावर लिहिलं होतं की जुन्या काळी मुलांना बोधकथा सर्वाधिक प्रिय होत्या, आणि त्या त्यांनी इतक्या जपल्या की आजही त्यांच्या प्रती उत्तम स्थितीत आढळतात. त्याच्या खालीच होतं की मुलं प्रत्यक्षात काय वाचत आणि त्यांना काय वाटत असे, याची कोणतीही नोंद उपलब्ध नाही.

भाषणं संपेपर्यंत मी थांबले. त्याचं माझं मलाच नवल वाटलं.

"सर, हे काय केलंत?"

"आवडलं ना, ताई? बांधणीवाल्याने फार मेहनत घेतली."

"शब्द दिला होतात तुम्ही."

"अहो, बांधणीशिवाय पुस्तक आमच्या दप्तरात चढत नाही. नियम आहे. सुटी ठेवली असती तर महिन्यात चिंध्या झाल्या असत्या."

"चिंध्याच दिल्या होत्या मी. चिंध्या का झाल्या तेच तर त्यात होतं."

"आणि पोरांनी गिरगटलेलं तसंच ठेवायचं? नव्या मुलांना काय वळण लागणार?"

समितीतल्या एक बाई मधे पडल्या. "मावशी, जरा हळू बोला. पाहुणे आहेत."

"त्या दिवशी गाळ्यात हळू बोलले, तीच चूक झाली," मी म्हणाले, आणि त्यानंतर जे बोलले ते इथे लिहीत नाही. पाहुण्यांनी चहा न घेताच निरोप घेतला एवढं सांगते.

दुसऱ्या दिवशी मी बांधणीवाल्याकडे गेले. जुन्या नाशकात एका बोळात त्याची खोली आहे. म्हातारा माणूस, बोटांना कायम खळ लागलेली. त्याला राग कळला, पण तो घाबरला नाही.

"बाई, मला पोती आणून दिली. आकाराने लावा, कडा मारा, घाण पुसा, असं सांगितलं. मी तेवढं केलं."

"चिठ्ठ्या?"

"त्या झाडण्यात गेल्या."

"आणि मुखपृष्ठं?"

"फेकीन होय? चांगला जाड कागद. पुठ्ठ्याच्या आतून अस्तराला लावली. रेक्झिनच्या खाली."

तिथे पडलेला एक कोरा पुठ्ठा मी उचलून उलटा करून पाहिला.

"म्हणजे ती आहेत."

"आहेत की. कुठल्या ग्रंथात कुठलं, ते मात्र मला विचारू नका."

"निघतील?"

"मी खळ वापरतो, फेविकॉल नाही. पाण्याचा हात लावून सावकाश उचकटली तर निम्मी तरी निघतील. जितका उशीर तितकी कमी. पण त्यांनी सांगायला हवं. माल आता त्यांचा आहे."

ती निळ्या पेनाची मुलगी, चपला घातलेली, त्या हिरव्या पुठ्ठ्यांपैकी एकाच्या आत तोंड दाबून बसलेली आहे. हे कळल्यावर मी तीन वेळा वाचनालयात गेले. खर्च माझा, बांधणीवाला माझा, ग्रंथ उसवू द्या, एवढंच मागितलं. पहिल्या वेळी कार्यवाह म्हणाले समितीपुढे ठेवतो. दुसऱ्या वेळी म्हणाले, नोंद झालेली मालमत्ता उसवता येत नाही. तिसऱ्या वेळी ते आतल्या खोलीत होते आणि शिपायाने सांगितलं की सर बाहेर गेलेत.

लिहून दिलेली अट मात्र त्यांनी पाळली आहे. दर रविवारी कपाट उघडतं, मी स्टुलावर बसते, मुलं येतात. हिरवा ग्रंथ दोन हातांनी उचलतात, कारण तो जड आहे. पानं उलटतात. हात पुसून घ्या, डाग पडतील, असं तिथल्या बाई त्यांना सांगतात. गेल्या महिन्यात एका मुलीने मला विचारलं, "आजी, ही आमच्या आधी कोणीच वाचली नाहीत का?"

मी तिला खरं सांगितलं, जेवढं आठवत होतं तेवढं. पण माझ्या तोंडाचा कोणाला काय पुरावा? पुस्तिका शाळाशाळांत वाटली गेली आहे. उद्या कोणी बालसाहित्याचा इतिहास लिहायला बसेल तेव्हा त्याच्यासमोर ती पुस्तिका असेल आणि ते स्वच्छ ग्रंथ असतील, आणि दोन्ही एकच सांगतील: मुलं गुणी होती, बोध वाचत होती, आणि त्यांना काही म्हणायचं नव्हतं.

मी फाडलेल्या पुठ्ठ्यांचं मी वर लिहून दिलं आहे. आता तुमची पाळी, कार्यवाह सर. येत्या वार्षिक सभेत, मुलांना समोर बसवून, सांगा. शब्द दिला होता की नव्हता? कोणाला विचारून समास कापलेत? ग्रंथ कोणत्या तारखेला उसवायला देता? आणि त्या मुलांची नोंद चिठ्ठ्यांसकट तुमच्या हातात असताना, ती उपलब्ध नाही असं तुम्ही कोणत्या तोंडाने छापलंत?